जायकवाडीला पक्षी पाहायला जाताना

पैठणला येणाऱ्याची वाट ठरलेली असते. नाथांच्या समाधीचे दर्शन, पैठणीच्या दुकानात थोडी घासाघीस, वेळ उरलाच तर उद्यानात एक चक्कर, आणि धरणाचे दरवाजे उघडले असतील तर त्या फेसाळत्या पाण्यासमोर फोटो. छत्रपती संभाजीनगरहून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या या गावी वर्षभर माणसांचा राबता असतो. पण जायकवाडी धरणाच्या भिंतीपलीकडे नाथसागर नावाचा जो अफाट जलाशय पसरला आहे, तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर भरते, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानावर गेलेले असते.

यात त्यांचा दोष मानता येत नाही. ताडोब्याला गेट असते, जिप्सी असते, महिनोन्महिने आधी करावे लागणारे आरक्षण असते, त्यामुळे आपण अभयारण्यात शिरलो हे माणसाला कळते. नाथसागराच्या काठावर असे काहीच कळत नाही. उसाच्या फडातून जाणारी गाडीवाट वळण घेते, एखादा मोटारपंप धडधडताना दिसतो, पुढे चिखल लागतो आणि चिखलापलीकडे पाणी. शेत कुठे संपले आणि संरक्षित क्षेत्र कुठे सुरू झाले, हे सांगणारी रेघ जमिनीवर आखलेली नाही. एवढ्या लांबीच्या काठावर जागोजागी वनरक्षक उभा करणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. म्हणून इथे थंडीत जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जाण्याचा या जागेला काही उपयोग होईल का, हा विचार घरून निघतानाच केला पाहिजे, असे मला वाटते. हा लेख त्याचसाठी आहे.

आधी पाण्याविषयी, कारण इथले सगळे पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. धरण बांधले ते मराठवाड्याच्या तहानलेल्या शिवारासाठी. त्यासाठी शंभराहून अधिक गावांना आपली घरे आणि गोदाकाठची काळीभोर जमीन सोडावी लागली. पाखरांचा विचार तेव्हा कुणी केला असेल, अशी शक्यता कमीच. पण धरणाची जागा अशी सपाट, की जे घडले ते पाखरांच्या पथ्यावर पडले. जलाशयाची एकूण साठवणक्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर आहे आणि पूर्ण भरल्यावर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर इतकीच निघते. हे धरण म्हणजे परात आहे. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच, कारण पसरट पाण्याची उन्हाळ्यात वाफ फार होते. बदकांना आणि चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पाणपक्ष्यांना मात्र नेमके असेच पाणी हवे असते.

काठाचा उतार इतका मंद आहे की पातळी फूटभर खाली गेली तरी मोठा पट्टा उघडा पडतो. दिवाळीनंतर रब्बीची आवर्तने सुरू होतात. २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने जालना-परभणीकडे आणि १३२ किलोमीटरच्या उजव्या कालव्याने बीडकडे पाणी सुटते, आणि मागे जलाशयाची कड हळूहळू आत सरकू लागते. त्या ओल्या, उघड्या गाळात किडे, गोगलगायी, शिंपले आणि पाणवनस्पतींची मुळे असतात. शेकाट्या, तुतवार आणि पाणटिवळे त्या चिखलाच्या कडेने चरतात. त्यापुढच्या गुडघाभर पाण्यात थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक. त्याहून खोल पाण्यात बुड्या मारणारे वारकरी नावाचे पक्षी, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे, शेकड्यांनी एकाच ठिकाणी. कोणता पक्षी कुठे सापडेल, हे पुष्कळ अंशी त्याच्या पायांच्या आणि मानेच्या लांबीवर ठरलेले असते. ते एकदा लक्षात आले, की पुस्तक उघडण्याआधीच अर्धी ओळख पटते.

याचाच दुसरा अर्थ असा, की ज्या वर्षी धरण शंभर टक्के भरते, त्या वर्षी डिसेंबरात जाणाऱ्याची बहुधा निराशा होते. पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला टेकलेले असते, चिखलाचा पट्टा पाण्याखाली असतो आणि पाखरे आसपासच्या लहान तलावांवर पांगलेली असतात. मग ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’ अशी बातमी छापून येते आणि लोक हळहळतात. पक्षी आलेले असतात. त्यांना बसायला इथे जागा नसते. जायकवाडीची पातळी आपल्याकडे रोज वर्तमानपत्रात येते. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट आहे. तिच्यापासून पाणी बऱ्यापैकी खाली उतरेपर्यंत थांबावे आणि मग जावे, हा माझा साधा सल्ला. भरलेल्या वर्षी जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी चांगला. अपुऱ्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरातही गर्दी दिसते.

जागेची निवड करताना सूर्य ध्यानात ठेवावा. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. त्यामुळे सोनेवाडी किंवा पिंपळवाडीच्या बाजूने सकाळी पाण्याकडे पाहिले, तर ऊन आपल्या पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. तीच जागा संध्याकाळी निरुपयोगी ठरते, कारण समोर नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. वरच्या अंगाला, संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यावर कायगाव टोक्याजवळ प्रवरा गोदावरीला मिळते, तिकडचे फुगवट्याचे पाणीही पाहण्यासारखे आहे आणि तिथली जुनी देवळे हा वेगळा लाभ. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये. पहाटे उजाडण्याच्या सुमारास काठावर असावे, कारण दहा वाजले की वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि बदके आत मध्यावर जाऊन ठिपके होऊन बसतात. मराठवाड्यातली थंडी दुपारी फसवी आणि पहाटे खरी असते. पाण्याकाठी तर ती हाडात शिरते, तेव्हा कानटोपी आणि थर्मासमधला चहा यांना लाजू नये. कपडे मळकट रंगाचे असावेत. दुर्बिणीवाचून इथे जाण्यात अर्थ नाही; मोबाइलच्या कॅमेऱ्यात या जलाशयावरचा रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा म्हणजे क्षितिजावरची गुलाबी रेघ.

आता अंतराविषयी, कारण बहुतेक नुकसान इथेच होते आणि ते करणाऱ्याला कळतही नाही. काठावर शांत बसून दलदल भोवत्या पाहण्याची सवय लावावी. हा शिकारी पक्षी पाण्यालगत, पंख किंचित वर धरून, संथपणे फिरत येतो. तो दूर असताना पहिल्यांदा वारकरी एकमेकांजवळ सरकतात आणि त्यांचा एकच दाट काळा पुंजका होतो. मग बदके चरायचे थांबवतात, माना ताठ होतात. तो आणखी जवळ आला की एका क्षणी सगळे पाणी उचलले गेल्यासारखे पक्षी उठतात, एक मोठे वर्तुळ घेतात आणि तो निघून गेल्यावर पुन्हा टेकतात. पण टेकल्यावर ते लगेच चरत नाहीत. बराच वेळ माना वर करून बसतात. हे मी अनेकदा घड्याळ लावून पाहिले आहे. उडण्यात जितकी शक्ती जाते, तितकाच चरण्याचा वेळही वाया जातो. भोवत्याला तर पोट भरायचे असते. पण एखादा हौशी फोटोग्राफर ‘उडतानाचा शॉट’ मिळावा म्हणून टाळ्या वाजवतो, दगड भिरकावतो किंवा ड्रोन सोडतो, तेव्हा तो त्या थव्यावर नेमकी हीच वेळ विनाकारण आणतो. यातले पट्टकादंब (बार-हेडेड गूज) मंगोलिया-तिबेटच्या पठारांवरून हिमालय ओलांडून आलेले असतात आणि मार्चच्या सुमारास त्यांना तीच वाट परत उडायची असते. त्या प्रवासासाठी लागणारी चरबी ते याच तीन-चार महिन्यांत साठवतात. पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले, की आपण फार पुढे आलो आहोत असे समजावे आणि दोन पावले मागे यावे. याहून सोपा नियम मला माहीत नाही.

जानेवारीत हुरड्याचे दिवसही असतात, आणि काठावरच्या शेतात हुरड्याचा बेत आखणे यात गैर काहीच नाही. उलट शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. मात्र हुरड्याबरोबर स्पीकरची भिंत कशाला लागते, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

उघड्या पडलेल्या गाळावर पाखरांआधी हक्क सांगणारे माणसेच असतात, आणि हे लक्षात न घेता पक्षीप्रेमाच्या गोष्टी करणे शहरी उद्धटपणाचे आहे. पाणी ओसरेल तशी या जमिनीत गाळपेर होते. हरभरा, गहू, ज्वारी, कुठे टरबुजे. या जमिनी भाडेपट्ट्याने देताना धरणात शेती गेलेल्यांना प्राधान्य असते, म्हणजे आज तिथे हरभरा पेरणारा माणूस पुष्कळदा आपल्या आजोबांच्याच बुडालेल्या रानाच्या आसपास पेरत असतो. पट्टकादंबांना हरभऱ्याचा कोवळा पाला फार आवडतो. पहाटे ते रांगेने पाण्यावरून येतात, शेतात उतरतात आणि गुरांसारखे एका अंगाने चरत जातात. एका गाळपेरीच्या बांधावर दुर्बीण लावून बसलेली असताना शेताच्या मालकांनी मला हटकले होते.

“ताई, काय मोजायलात एवढं?”

“पाखरं मोजतेय, काका.”

“मोजा की. पण त्याहिनी हरभरा किती खाल्ला, तेबी लिहा त्याच्यात.”

त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले आणि तेव्हापासून माझ्या वहीत ‘पिकात चरणारे पक्षी’ असा वेगळा रकाना आहे. नुकसान लिहिलेच गेले नाही, तर त्याच्या भरपाईची चर्चा हवेतच राहते आणि राग मात्र पाखरांवर साठत जातो. काही ठिकाणी हा राग विषारी औषधांपर्यंत जातो. गाळपेरीतल्या पिकावर मारलेले कीटकनाशक पुढच्या पावसाळ्यात त्याच जलाशयात उतरते, आणि तेच पाणी संभाजीनगरच्या नळाला येते. पक्ष्यांशी ज्यांना काही देणेघेणे नाही, त्यांनी निदान एवढे तरी मनात ठेवावे.

मोजणीचा विषय निघालाच आहे, तर तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सामान्य माणसाने या अभयारण्याला करता येण्यासारखी ती सर्वांत मोठी मदत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते आणि ती मुख्यतः हौशी लोकांच्या बळावर चालते. राज्य शासन २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते, त्या निमित्तानेही ठिकठिकाणी फेऱ्या निघतात. यांत सामील व्हावेच. पण एरवी आपण एकटे गेलो तरी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरता येते. तारीख, वेळ, जागा, जाती आणि संख्या, एवढेच तर लिहायचे असते.

हजारांचा थवा मोजायचा कसा, असे नवा माणूस विचारतो. एकेक पक्षी मोजायचा प्रयत्न करू नये. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट मोजावेत आणि ते दृष्टीत किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवावे. तेवढ्याच आकाराचे दहा तुकडे पुढे सरकवत शंभरापर्यंत जावे. मग शंभराचा तुकडा धरून उरलेला थवा मापावा. मध्यभागी दाटी जास्त असते आणि कडेला विरळ, हे विसरले तर आकडा कमी भरतो. दोघे असतील तर दोघांनी न बोलता आपापली संख्या लिहावी आणि नंतर ताडून पाहावी. पाच-सहा थव्यांनंतर दोघांचे आकडे जवळ येऊ लागतात. ‘भरपूर’, ‘असंख्य’, ‘हजारो’ असे लिहिण्यापेक्षा ‘अंदाजे ४५०’ असे लिहिलेले शतपटीने मोलाचे. आणि काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. रिकाम्या सकाळीची नोंद कुणी करत नाही, त्यामुळे पक्षी नेमके कधी कमी झाले हे पुढे शोधणाऱ्याला सापडत नाही.

या आकड्यांची गरज किती आहे, हे जलाशयावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाच्या वादात दिसून आले. या प्रकल्पाला घेतलेला आक्षेप हरित न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. सूर्यापासून वीज मिळावी, पाण्याची वाफ कमी व्हावी, याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न जागेचा आहे. खोल, मध्यावरच्या पाण्यावर सौरपटले अंथरणे आणि काठच्या उथळ पाण्यावर अंथरणे यांत पाखरांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणत्या कोपऱ्यात कोणत्या महिन्यात किती पक्षी असतात, याची वर्षानुवर्षांची, जागावार नोंद हातात असेल, तर ‘इथे नको, तिथे करा’ असे नेमके सांगता येते. ती नसेल, तर एका बाजूला भावना आणि दुसऱ्या बाजूला मेगावॅट, एवढाच सामना होतो आणि तो कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पैशांची मदत कुणाला करावी, याचे माझे उत्तर लहान आहे: काठावरच्या गावांत खर्च करा. चहा तिथल्या टपरीवर घ्या, जेवण सांगायचे तर भाकरी-पिठले किंवा मासे गावातच सांगा, वाट दाखवणाऱ्या पोराला कबूल केलेले पैसे पूर्ण द्या. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला मच्छिमारांच्या मुलांनी पक्षी ओळखायला शिकून होड्या चालवल्या आणि थंडीत त्यावर त्यांची घरे चालू लागली. जायकवाडीने त्यांच्याकडून हे जरूर उचलावे. गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी होडी थेट रोहितांच्या थव्यात घालण्याची तिथली खोड मात्र उचलू नये. मासे धरणारा आपल्या बाजूचा असला, तर तुटलेले तंगूस (नायलॉनचे) जाळे तो पाण्यात टाकून देत नाही, काठावर आणतो. आणि त्या एका गोष्टीने किती वारकरी आणि पाणकावळे वाचतात, हे अशा जाळ्यात अडकलेला पक्षी सोडवताना ज्याने पाहिले आहे त्याला पटवावे लागत नाही. पारदर्शक धागा पंखाच्या मुळाशी पिसांखालून कातडीत उतरलेला असतो. तो ओढला तर जखम वाढते. पक्ष्याच्या डोळ्यांवर फडके टाकावे, धागा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि रुतलेला भाग तसाच ठेवून वनखात्याला कळवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. शिकार, विषप्रयोग किंवा जखमी पक्षी, काहीही दिसले तरी तोच लावावा. जागेचे नेमके नाव आणि मोबाइलवरचे स्थान सांगता आले, तर पथकाचा अर्धा वेळ वाचतो.

या अभयारण्याभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र २०१७ मध्ये अधिसूचित झाले आहे. काठावर कुठे भराव, भट्टी किंवा नवे बांधकाम दिसले, तर वाद घालत बसण्यापेक्षा तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला लाइक्स मिळत नाहीत.

फेब्रुवारी सरत आला की पट्टकादंब निघू लागतात, मार्चमध्ये बदकेही पातळ होतात आणि नाथषष्ठीच्या गर्दीत पक्ष्यांचा विषय पुन्हा मागे पडतो. पण पाणी आणखी उतरून मध्येच उंचवटे आणि बेटे उघडी पडतात, त्यांवर नदीसुरय नुसत्या वाळूत अंडी घालतात. त्या दिवसांत होडीवाला कितीही आग्रह करू लागला, तरी बेटावर उतरू नये आणि कुत्रे तर मुळीच बरोबर नेऊ नये. काठावरून दुर्बिणीने घरटी मोजून तो आकडाही त्याच यादीत भरावा.